ढग वाजले की आत्ती गोठ्यात

माझ्या सासूला मी आत्ती म्हणते. नाव आक्काताई, वय साठीच्या पुढं, राहणार कळंबा. तोंडावर अहो-जाहो आणि मागनं बोलताना 'ती', एवढं आमच्यात चालतं. बाई कष्टाची आहे, हाताला चव आहे आणि जिभेला धार आहे. गल्लीत भांडणात तिला आजवर कुणी हरवलेलं नाही. पण एका गोष्टीपायी तिने दहा वर्षं माझं डोकं उठवलंय. आभाळात नुसतं गुरगुरलं, की ही बाई हातातलं काम टाकते, खांद्यावर घोंगडं घेते आणि चांगलं स्लॅबचं घर सोडून गोठ्यात जाऊन बसते. वर पत्रा, पत्र्याला लोखंडी अँगल, मागं उंच माड आणि साखळीला बांधलेली म्हैस. वीज पडायला याच्याइतकी सोयीची जागा अख्ख्या कळंब्यात शोधून सापडायची नाही.

कारण काय, तर ती पायाळू. जन्मताना तिचं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले. आणि पायाळू माणसावर वीज पडते हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगतं.

आता माझं काम ऐका, म्हणजे माझा ताप कळेल. मी एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळते. दरवर्षी दोन-अडीचशे पोरांच्या हातात तारा देते, कुठल्या धरायच्या आणि कुठल्या नाहीत ते सांगते. एकाला आजवर शॉक बसू दिलेला नाही. आणि माझ्याच घरातली बाई ढग वाजले की पत्र्याखाली. हसावं का रडावं?

तिचा जन्म शिरोळकडचा, नृसिंहवाडीच्या अलीकडच्या एका खेड्यातला. लहानपणापासून तिला हीच सवय लावलेली. शाळेत ढग वाजायला लागले की मास्तर हिला एकटीला व्हरांड्यात बसवायचे आणि दार लावून घ्यायचे. ही सात वर्षांची पोर बाहेर पाटी डोक्यावर धरून. "मास्तर तरी काय करणार गं," असं ती मलाच समजावते. "आत चाळीस पोरं हुती." तिला मास्तरांचा राग येत नाही. मला येतो. मी त्या माणसाला कधी बघितलेलं नाही, तरी येतो. पुढं शेतात भांगलायला, म्हणजे तण काढायला जायला लागली, तर पाऊस आला की सगळ्या बायका खोपीत आणि ही पन्नास पावलं लांब बांधावर, भिजत.

लग्नात माहेरच्यांनी ही गोष्ट लपवली होती. पण पहिला वळीव आला तसं हिने स्वतःच सांगून टाकलं आणि भरल्या ताटावरून उठली. तिची सासू तानाबाई म्हणाली, जा गोठ्यात. गेली. माझे सासरे केरबा म्हणजे देवमाणूस, असं सगळे म्हणतात. त्या दिवशी त्यांनी काय केलं, तर मागनं जाऊन तिला घोंगडं दिलं. आत ये, एवढं मात्र बोलले नाहीत. पुढं तानाबाई गेली, सासरे गेले, जुनं घर पाडून माझ्या नवऱ्याने स्लॅबचं बांधलं. आता तिला गोठ्यात जा म्हणणारं कुणी उरलं नाही. तरी ही जातेच.

आणि गंमत बघा. याच पायांना गल्ली हात जोडते. कुणाच्या कंबरेत उसण भरली, कुणाची पाठ धरली, की सकाळी तोंड न धुता आमच्या दारात. पायाळूचा पाय लागला की उसण पळते म्हणतात. माणूस व्हरांड्यात पालथा पडतो, आत्ती डावा पाय त्याच्या कंबरेवर तीनदा टेकवते, तो उठून बसतो आणि वर माझ्या हातचा चहा पिऊन जातो. बाळासो टेम्पोवाला तर महिन्याला दोनदा ठरलेला. एकदा मी त्याला विचारलं, "बाळासो, पावसात कधी आत्तीला टेम्पोतनं बाजारात सोडाल का?"

"तसं कसं वयनी," तो म्हणाला. "टेम्पो लोखंडाचा हाय की."

पाय पाठीवर चालतो आणि माणूस टेम्पोत चालत नाही. बरं, बाहेरच्यांचं सोडा. माझा नवरा अतुल शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. चौदाशे डिग्रीचा लोखंडाचा रस ओतताना हा बिनघोर उभा असतो. घरी आला की म्हणतो, "असू दे की आक्षता, तिचं समाधान." आणि कंबर धरली की हाच गडी आईपुढं पालथा.

मी काय करायचं बाकी ठेवलं नाही. मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. प्रकाश आणि आवाज यांच्यातले सेकंद मोजायला शिकवले. शेवटी आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना घरी जेवायला बोलावलं. सर तासभर चांगलं बोलले. वीज उंच गोष्ट शोधते, माणसाचा जन्म कसा झाला हे तिला कळत नाही, सगळं अगदी सोपं करून. आत्ती मान हलवत होती. मला वाटलं, जिंकलं. जाताना सर चपला घालता घालता हळूच म्हणाले, "काकू, माझ्या कंबरेचं जरा बघता का? बसून बसून धरलीय." मी कपाळावर हात मारला आणि आत निघून गेले.

गेल्या ऑक्टोबरात, दसरा होऊन आठवडा झाला असेल. परतीचा पाऊस रोज दुपारी यायचा. त्या दिवशी मी कॉलेजातनं साडेचारला घरी आले. आमची राजनंदिनी, सगळे नंदूच म्हणतात, सात वर्षांची, दुसरीत आहे. ती पुढच्या सोप्यात अभ्यासाला बसली होती. मी चहाचं आधण ठेवलं. कळंबा तलावाकडून काळं चढून आलं होतं. पहिला गडगडाट झाला आणि आत्तीने निवडायची मेथी बाजूला सारली.

मी म्हटलं, "आत्ती, आज तरी बसा. आवाज जवळचा हाय."

"म्हणून तर जातो," ती म्हणाली. "पोरीला आत घे तू."

"पत्र्याखाली जाऊन काय मिळतंय तुम्हाला?"

"पडली तर एकटीवर पडंल."

हे वाक्य मी दहा वर्षं ऐकतेय. त्या दिवशी सात तास उभी राहून आले होते, पाय दुखत होते, माझा ताबा सुटला. "जावा मग," मी म्हटलं. "बसा तिकडं म्हशीसंगं." ती गेली. ती परत येईल म्हणून मी मागच्या दाराला कडी घातली नाही, एवढंच.

चहा उतू जायला आला म्हणून मी सांडशी उचलली आणि सगळं पांढरं झालं. चमकलं असं म्हणता येणार नाही. भिंत, ओटा, माझा हात, काहीच दिसेना. आणि त्याच क्षणी आवाज. मधे एक सेकंदसुद्धा मोजायला मिळाला नाही. कानात शिरला, छातीत शिरला, पायाखालची फरशी हलली. वरचा बल्ब फुटून ओट्यावर पडला, मीटरच्या खोक्यातनं धूर आला. भानावर आले तेव्हा मी ओट्याखाली उकिडवी बसले होते, सांडशी पोटाशी धरून. नंदू समोर उभी राहून तोंड उघडत होती, पण मला तिचा आवाज येत नव्हता. सगळ्या जगाला वीज समजावणारी मी, आणि मला ओट्याखालनं बाहेर यायचंसुद्धा सुचेना. जळल्याचा वास आला तेव्हा मला गोठा आठवला.

मी कशी पळाले मला ठाऊक नाही. माड मधोमध उभा चिरला होता आणि शेंड्याला जाळ होता, पावसातसुद्धा. गोठ्याचा पत्रा एका बाजूने उचकटून लोंबत होता. म्हैस पाय ताणून पडली होती, गेली होती. आत्ती दाराच्या बाजूला, पेंडीच्या पोत्यावर आडवी. डोळे उघडे. मी तिच्या अंगावर पडून ओरडले, आत्ती, आत्ती. ती माझ्याकडं बघत होती आणि तिला एक शब्द ऐकू येत नव्हता. उजव्या कानातनं रक्ताचा बारीक ओघळ आला होता. ती जिवंत आहे एवढं कळलं आणि मी तिथंच शेणात बसून रडले. मीच म्हटलं होतं ना, बसा म्हशीसंगं.

दोन दिवस दवाखाना झाला. डॉक्टर म्हणाले, नशीब थोर, हृदयाला काही नाही, पण उजव्या कानाचा पडदा गेलाय. डाव्याने जवळनं आणि मोठ्याने बोललं तर ऐकू येईल. मला वाटलं, एवढं झालं, आता तरी ही बाई शहाणी होईल.

घरी आणून तिला कॉटवर बसवलं. अतुल होता, मी होते. पाणी प्याली आणि पहिलं वाक्य काय बोलली? "बघितलीस? मी भायेर हुतो म्हणून तुम्ही वाचला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला ऐकू यावं म्हणून मी ओरडूनच बोलायला लागले. "तुम्ही बाहेर होता म्हणून तुमचा कान गेला आत्ती. वीज माडावर पडली. माड उंच म्हणून पडली. माड काय पायाळू हाय?"

"माड माझ्या मागंच हुता न्हवं?"

 पालथ्या घड्यावर पाणी. आणि मग मी ते बोलले, जे सात वर्षं पोटात ठेवलं होतं. ओरडूनच बोलले, कारण दुसरी सोय नव्हती. "मग तुमची नातसुद्धा पायाळूच हाय. सोनोग्राफीत पाय खाली दिसत होते, म्हणून तर सिझर केलं. फक्त मला आणि अतुलला ठाऊक होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही तिला अशीच घोंगडं देऊन बसवाल म्हणून. आता बसवा. पायाळूची जागा गोठ्यात ना? बसवा तिला पण."

"आक्षता, गप की," अतुल म्हणाला. तो माझ्याकडं बघत नव्हता, दाराकडं बघत होता. दारात शेजारची शालूबाई आमटी-भाताचा डबा घेऊन उभी होती आणि तिच्या पुढं नंदू.

शालूबाईला कळलं म्हणजे गल्लीला कळलं. दोन दिवस आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. सिझरचं पोर पायाळू धरायचं का नाही? निम्म्या बायका म्हणाल्या, धरत नाहीत, डॉक्टरनं काढलंय, ते स्वतःहून कुठं आलंय. उरलेल्या म्हणाल्या, काढताना आधी काय काढलं त्यावर आहे. बाळासो तर खूश. "आता घरात दोन झाल्या, सोय झाली," म्हणाला. त्याला त्या दिवशी मी चहा दिला नाही.

आत्तीने मला एकदाच विचारलं, तेही सकाळी भाकरी थापताना, तोंड चुलीकडं करून. "पाय धरून काढली का डोकं धरून?"

"पाय," मी तिच्या डाव्या कानाशी वाकून म्हटलं. खोटं बोलता आलं असतं. सुचलंच नाही.  तव्यावरची भाकरी करपली, तिच्या हातची आजवर करपलेली मी बघितली नव्हती.

नंदूला आधी मजा वाटली. "पप्पा, पालथे पडा," म्हणून अतुलच्या पाठीवर नाचली. मीही हसले, मला वाटलं, चला, पोरीने खेळच केला त्याचा. चार दिवसांनी बुटाची लेस बांधता बांधता ती सहज म्हणाली, "मम्मी, माझ्या बाकावरची पोरगी म्हणाली, ढग वाजले की तू माझ्याजवळ बसायचं न्हाय." मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? "बरं म्हटलं," ती म्हणाली आणि दुसऱ्या बुटाची लेस बांधायला लागली. मला त्या मुलीच्या घरी जाऊन भांडावंसं वाटलं, शाळेत जावंसं वाटलं. पण भांडणार कुणाशी? बोंब तर मीच मारली होती.

त्याच रविवारी दुपारी पुन्हा भरून आलं. अतुल ड्यूटीवर होता. मी कपडे आत घेत होते. लांब कुठंतरी गडगडलं आणि आत्ती कॉटवरून उठली. डाव्या कानाने तेवढं बरोब्बर ऐकलं. खुंटीवरचं घोंगडं काढलं. गोठा राहिला नव्हता, म्हणून न्हाणीच्या पत्र्याकडं निघाली. मी मागच्या दारात आडवी उभी राहिले.

"सर बाजूला," ती म्हणाली.

"नाही सरणार. काय करायचं ते करा."

आमची अशी ओढाओढ चाललेली, तेवढ्यात मागनं नंदू आली. एका हातात प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. मला म्हणाली, "मम्मी, जरा वाट दे."

"तू कुठं निघालीस?"

"आज्जीसंगं," ती म्हणाली. रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. मी कॉलेजातल्या पोरांना सांगते तसं तिने मला नीट सांगितलं. "माझ्यावर पडली तर तू पण मरशील. मग पप्पांना डबा कोण करणार? आम्ही दोघी बाहेर बसतो. तू घरात थांब."

 आत्तीला ऐकू गेलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडं बघून विचारत होती, "काय म्हणत्या? काय म्हणत्या ती?" मी नुसती मान हलवली. मग नंदूच तिच्या डाव्या बाजूला गेली, टाचा उंच करून तिच्या कानापाशी तोंड नेलं आणि तेच सगळं पुन्हा एकदा सांगितलं, मोठ्याने, एक शब्द न गाळता.

आत्ती तशीच उभी राहिली. बाहेर थेंब वाजायला लागले होते. मग तिने नंदूच्या हातातलं स्टूल काढून घेतलं, बाजूला फेकलं आणि पोरीला दंडाला धरून ओढत मधल्या खोलीत आणली. "कुणी सांगितलं तुला भायेर जायाला?" ती ओरडत होती. "हे घर काय परक्याचं हाय? कुणी काढलं तुला? सांग, कुणी काढलं?" नंदू घाबरली आणि आता मात्र रडायला लागली. आत्तीने तिला मांडीवर घेतली, घोंगडं दोघींच्या अंगावरून ओढून घेतलं आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. घरात. ढग वाजत असताना. तिच्या साठ वर्षांत पहिल्यांदा.

मी तिच्याजवळ बसायला गेले, तर तिने डोळ्यांनीच मला थांबवलं. पोरीला कळू नये अशा बेताने म्हणाली, "तू सैपाकघरात जा. लांब बस. आमच्याजवळ नको."

तेव्हा मला कळलं. तिला काही पटलेलं नव्हतं. माझे व्हिडिओ, सरांचं भाषण, चिरलेला माड, एक अक्षर नाही. तिला अजूनही शंभर टक्के ठाऊक होतं की आता वीज या घरावर येणार, तिच्यामुळं येणार.

जोराने गडगडलं. खिडकीच्या काचा वाजल्या. नंदूने घोंगड्यातनं तोंड बाहेर काढलं. "आज्जी, तू भ्यालीस?"

"न्हाय," आत्ती म्हणाली. "मला ऐकू कुठं येतंय?"

तिची हनुवटी थडथड उडत होती. मी सैपाकघरात गेले नाही. सरळ जाऊन तिला चिकटून बसले. ती मला कोपराने ढकलत राहिली, जा म्हणून, आणि मी हलले नाही. पाऊण तास पाऊस होता. प्रत्येक आवाजाला ती पोरीवर वाकायची, सगळं अंग तिच्यावर घालायची आणि डोळे मिटून वाट बघायची. मग आवाज विरायचा, ती डोळे उघडायची, आम्ही दोघी अजून आहोत का ते बघायची आणि पुन्हा वाकायची. तिला वाटत होतं की आपण घर मारायला बसलोय. तरी उठली नाही.